पोत सापडली, पण केस नेमकी कुणाची?

गोदाकाठची_लेक | 7 सप्टेंबर 2025, रात्री 10:42

मंडळी, थोडं लांबण लावते, सांभाळून घ्या.

जूनमध्ये आईची पोत ओढून नेली. सकाळी साडेसहा, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. आई डेअरीवरून दूध घेऊन येत होती. मोटरसायकलवर दोघं, पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट. मागच्याने विचारलं, "मावशी, सातपूरला कुठून जायचं?" आईने हात लांब करून दाखवायला सुरुवात केली आणि तेवढ्यात पोत गेली. मानेवर हा एवढा ओरखडा, रस्त्यावर दूधच दूध. तीन महिने झाले तरी ती एकच वाक्य बोलते, "मी त्याला जवळचा रस्ता सांगत होते गं."

पोलीस ठाण्यात (कुठलं ते राहू द्या) आधी "हरवल्याची नोंद करून देतो" म्हणाले. शेजारचे काका अडून बसले म्हणून गुन्हा दाखल झाला. जुलैअखेर फोन आला, दोघंही सापडले, पोतही मिळाली. आम्ही खुळ्यासारखे पेढे घेऊन गेलो! तिथे कळलं की पोत आता 'मुद्देमाल' आहे, कोर्टाच्या हुकमाशिवाय हातात यायची नाही. मध्यंतरी दोषारोपपत्रही गेलं. त्यावर वर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' आणि खाली दोन नावं. आईचं नाव शोधत बसलो, ते साक्षीदारांच्या यादीत सापडलं.

पोत आईची, मान आईची आणि केस शासनाची? पोलीस कुणाला विचारून चालतात, सरकारी वकील कुणाचा माणूस, कोर्ट कुणाचं, जेल कुणाचं? प्रत्येक खिडकीवर "ते आमच्याकडे नाही" ऐकून डोकं उठलंय. कुणी नीट समजावेल का?

---

चिवडा_मारके | 7 सप्टेंबर, रात्री 11:05

वाचतोय. आईंची मान बरी आहे ना आता?

---

जुना_नाझर | 8 सप्टेंबर, सकाळी 6:50

ताई, मी कोर्टाच्या कचेरीत 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी मुद्देमालाच्या कपाटाशेजारी. तुमच्यासारखे पेढेवाले खूप पाहिलेत, वाईट वाटून घेऊ नका.

एक वाडा डोळ्यासमोर आणा. तीन खोल्या गृहखात्याच्या: पोलीस, खालच्या फौजदारी कोर्टातले सरकारी वकील आणि तुरुंग. पण तिघांचे मुकादम वेगळे. पोलिसांचे महासंचालक मुंबईत. खालच्या कोर्टात उभे राहणारे सहायक सरकारी अभियोक्ता अभियोग संचालनालयाचे. कारागृहाचं मुख्यालय पुण्यात. चौथं घर कोर्टाचं, ते या वाड्यात नाहीच, रस्त्याच्या पलीकडे. जिल्ह्यातल्या न्यायाधीशांवर हुकूम उच्च न्यायालयाचा, राज्यघटनेच्या कलम 235 ने. गृहमंत्र्याने फोन केला तरी मॅजिस्ट्रेटची बदली होत नाही.

आणि हे सगळे ज्या पुस्तकावर चालतात ते छापलं दिल्लीत. पोलीस आणि तुरुंग हे राज्याच्या सूचीतले विषय, फौजदारी कायदा समवर्ती सूचीत. म्हणून कायदा संसदेचा, शिपाई महाराष्ट्राचा.

एका घरातून दुसऱ्या घरात जातो तो फक्त कागद. माणूस मागे राहतो, तो तुम्ही.

---

रोखठोक_सिडको | 8 सप्टेंबर, सकाळी 9:20

काय भो, एवढं पुराण कशाला. पकडलेले चार दिवसांत बाहेर येतात आणि परत पोती ओढतात. सीबीआयला द्या एक-दोन केसेस, मग बघा.

---

खाकी_निवृत्त | 8 सप्टेंबर, सकाळी 9:58

रोखठोकराव, पोतीच्या केसला सीबीआय येत नसते हो. ती 1963 ला स्थापन झाली, पण तिचा जोर 1946 च्या दिल्ली पोलीस आस्थापना कायद्यावर. दिल्लीबाहेर राज्यात पाय ठेवायला राज्याची संमती लागते. आपल्याच राज्याने ती सरसकट संमती ऑक्टोबर 2020 मध्ये काढून घेतली होती, ऑक्टोबर 2022 मध्ये परत दिली. कोर्टाने सांगितलं तर गोष्ट वेगळी. एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणा, 26/11 नंतर आली, ती दहशतवादासारख्या गुन्ह्यांसाठी. तुमच्या-आमच्या आयुष्यात येणारा पोलीस म्हणजे ठाणे अंमलदार आणि गुन्हे शोध पथक, म्हणजे डीबीची पोरं. एवढंच.

नाशिकमध्ये दोन वेगळी पोलीस दलं आहेत हेही लोकांना माहीत नसतं. शहराला पोलीस आयुक्त, बाकी जिल्ह्याला ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. हद्द ओलांडली की ठाणं बदलतं. पण त्यावरून "आमच्या हद्दीत नाही" म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. झिरो नंबरने गुन्हा घ्यावा लागतो, मग ते पाठवतील जिथे पाठवायचा तिथे.

'हरवल्याची नोंद' हा प्रकार मी नाकारणार नाही. आमच्यात असे नग आहेत. गुन्ह्यांचा आकडा वाढला की बैठकीत बोलणी बसतात, म्हणून आकडाच आखडायचा. बाकी नोकरीची दुसरी बाजूही ऐका. एका तपासी अंमलदाराकडे गठ्ठाभर गुन्हे, त्यात गणपती, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा. सिंहस्थ आला की विचारूच नका. तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, असं सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगितलंय. मी निवृत्त झालो तेव्हाही सकाळी पंचनामा आणि संध्याकाळी बंदोबस्त चालूच होता.

---

अ‍ॅडव्होकेट_बिनकोटाचा | 8 सप्टेंबर, दुपारी 2:15

थोडं कलमांचं. 1 जुलै 2024 पासून तीन नवे कायदे लागू आहेत: आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. कोर्टात अजून सगळे जुनेच आकडे बोलतात, मीही बोलतो, मग जीभ चावतो.

पोत ओढणं आता न्याय संहितेच्या 304 मध्ये 'हिसकावणे' म्हणून स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ताई, एफआयआरमध्ये मानेवरच्या ओरखड्याचा उल्लेख आहे का? डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेतलं होतं का? ऐवज नेण्यासाठी इजा केली तर ती जबरी चोरी होऊ शकते, म्हणजे कलम 309, आणि तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि त्याहूनही वर जाते. एका ओरखड्याची नोंद राहून गेली की केस इतकी हलकी होते.

नोंदीचं म्हणाल तर दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर घ्यायलाच हवा, ललिता कुमारी खटला, सुप्रीम कोर्ट, 2013. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एक पळवाट आलीय. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचे गुन्हे असतील तर डीवायएसपीच्या परवानगीने 14 दिवस प्राथमिक चौकशी करता येते. म्हणजे 'चौकशी चालू आहे' म्हणायला आता कायदेशीर आधार आहे. तरीही नाकारलं तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे, कलम 173(4). तिथेही काही नाही झालं तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे, 175(3). आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. तिच्यासाठी कुणी झेरॉक्सचे पैसे मागितले तर देऊ नका.

---

गोदाकाठची_लेक | 8 सप्टेंबर, रात्री 9:30

ओरखड्याचा उल्लेख आहे, पण "किरकोळ खरचटले" एवढाच. डॉक्टरकडे गेलो नाही, आईने हळद लावली होती :( कलम 304 च लावलंय.

---

अ‍ॅडव्होकेट_बिनकोटाचा | 8 सप्टेंबर, रात्री 10:02

हळद कोर्टात दाखल करता येत नाही, ताई. असो. आरोप निश्चित होण्याआधी सरकारी वकिलांना भेटा, आणि भेटताना जखमेचा मोबाइलवरचा फोटो असेल तर न्या.

---

वाचनवेडा_रविवार_कारंजा | 9 सप्टेंबर, सकाळी 8:12

नाझरकाकांच्या 'रस्त्याच्या पलीकडे' वरून एक आठवलं. थोडं अवांतर होईल.

21 डिसेंबर 1909 ला आपल्याच नाशकात, विजयानंद नाट्यगृहात, अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. आपण त्याला 'कलेक्टर जॅक्सन' म्हणतो, पण तो जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेटही होता. सारा वसूल करणारा, पोलिसांवर नजर ठेवणारा आणि दंडाधिकाऱ्यांचा वरिष्ठ, असा एकच माणूस. यातला न्यायाचा हात वेगळा करा अशी मागणी त्या काळात होतच होती. घटनेच्या कलम 50 मध्ये ते लिहिलं गेलं आणि 1973 च्या सीआरपीसीने जवळजवळ देशभर न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी वेगळे केले.

कलेक्टर आजही 'जिल्हादंडाधिकारी' म्हणून सही करतात. जमावबंदी वगैरे त्यांच्याकडे, पण चोराला शिक्षा देऊ शकत नाहीत.

---

खाकी_निवृत्त | 9 सप्टेंबर, सकाळी 8:40

वा, छान. त्यात भर: तडीपारीचा हुकूमही कोर्ट देत नाही. तो महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली, शहरात डीसीपी आणि ग्रामीणला प्रांतसाहेब. पेपरात 'अमुक गुंड दोन जिल्ह्यांतून तडीपार' वाचता ना, ती शिक्षा नाही, प्रतिबंध आहे. एमपीडीएची, म्हणजे धोकादायक गुंडांविरुद्धच्या कायद्याची, स्थानबद्धताही तशीच. मोक्का मात्र वेगळा, तो संघटित गुन्हेगारीविरुद्धचा 1999 चा कायदा, त्याला विशेष कोर्ट. पोती ओढणाऱ्या टोळीलाही लागू शकतो, संघटित टोळी आणि आधीची दोषारोपपत्रं दाखवता आली तर.

---

रोखठोक_सिडको | 9 सप्टेंबर, दुपारी 1:10

मग लावा ना मोक्का सगळ्यांना. जामीन कशाला देतात हा माझा साधा प्रश्न आहे, त्याचं उत्तर कुणी देत नाही.

---

अ‍ॅडव्होकेट_बिनकोटाचा | 9 सप्टेंबर, दुपारी 3:30

देतो. अटक झाली की 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर, हे घटनेतच आहे. तिथे पीसीआर किंवा एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एकूण 15 दिवसांपर्यंत. आता ती पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यातुकड्यानेही मागता येते. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे आपल्याकडे नाशिकरोड जेल. 304 सारख्या गुन्ह्यात 60 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपी हक्काने जामीन मागतो. मोठ्या गुन्ह्यात 90. हा जामीन कोर्टाची मेहेरबानी नाही, पोलिसांच्या उशिराची किंमत आहे.

आणि रोखठोकदादा, उद्या तुमच्या पोराला नुसत्या संशयावरून उचललं तर तुम्ही माझ्याकडेच याल. फी कमी करीन.

---

शनिवारची_बाई | 9 सप्टेंबर, रात्री 8:55

मी काही वर्षं तुरुंगात साक्षरता वर्गाला जात होते. सगळी चर्चा कोर्टाच्या दारात थांबते, म्हणून लिहिते.

आत बसलेले बहुतेक जण शिक्षा झालेले असतील असं मला वाटायचं. तसं नाही, मोठा भाग कच्च्या कैद्यांचा, ज्यांचा खटलाच चालू आहे. एका मुलाला मी 'क' गिरवायला शिकवत होते. त्याला स्वतःच्या केसची पुढची तारीख माहीत नव्हती, वकिलाचं नाव माहीत नव्हतं. विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो हे त्याला बराकीतल्या दुसऱ्या कैद्याने सांगितलं. बंदीत असलेल्या कुणालाही तो मिळतो, आणि बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो. तुमच्या आईलाही सल्ला लागला तर 15100 वर फोन करता येईल, ताई.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 479 मध्ये पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडायचं आहे. इतरांना निम्म्यावर. अंगावर एकापेक्षा जास्त केसेस असतील तर मात्र नाही.

पोत ओढणाऱ्याची बाजू घेत नाहीये. माझीही गेलीय, 2011 ला. मिळाली नाही.

---

चिवडा_मारके | 9 सप्टेंबर, रात्री 9:40

ओळख परेड झाली का? टीव्हीवर आरोपींच्या तोंडाला काळं फडकं असतं ते लाजेपोटी का?

---

गोदाकाठची_लेक | 9 सप्टेंबर, रात्री 10:25

झाली. आईला जेलमध्ये नेलं होतं. पोलीस बाहेरच थांबले, आत नायब तहसीलदार आणि दोन पंच. एका ओळीत सारख्या दिसणाऱ्या पोरांना उभं केलेलं. मागे बसलेल्याला आईने लगेच ओळखलं. हेल्मेटवाल्याला नाही. "डोळे तसेच वाटतात, पण शपथेवर कसं सांगू?" म्हणाली. घरी येऊन मला विचारते, "त्या ओळीतली बाकीची पोरं कोण होती गं? बिचारी उगाच उभी."

---

खाकी_निवृत्त | 9 सप्टेंबर, रात्री 10:50

चिवडाभाऊ, फडकं लाजेचं नाही, परेडचंच. आधी चेहरा दिसला तर ओळखण्याला अर्थ उरत नाही, बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. आणि नायब तहसीलदार अशासाठी की तो पोलीस नाही.

आईंनी हेल्मेटवाल्याबद्दल सांगितलं ते अगदी बरोबर केलं. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, कितीही छान अक्षरात लिहिलेली असो. चालतं ते त्या कबुलीवरून जे सापडलं तेवढंच. पोत कुणी काढून दिली, कुणाच्या समोर, निवेदन पंचनाम्यावर (आरोपीने 'काढून देतो' म्हटल्याचा कागद) कोण पंच आहेत, सगळं त्यावर. पंच फितूर झाले की गेली केस. आता जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग बंधनकारक झालंय, ई-साक्ष्य अ‍ॅपवर चढवावं लागतं. रेंज नसेल तर हवालदार मोबाइल वर धरून फिरतो, पण पद्धत चांगली आहे.

---

जुना_नाझर | 10 सप्टेंबर, सकाळी 6:35

आता पोतीबद्दल, कारण ताईंचं खरं दुखणं तेच.

अर्ज करा, सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, मुद्देमाल परत मिळण्यासाठी. कोर्ट पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवेल. मालकीचा पुरावा जोडा. सुंदरभाई देसाई खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच सांगितलंय की मौल्यवान वस्तू कपाटात कुजत ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि मालकाला द्या. नव्या कायद्यातही वस्तूंची यादी आणि फोटो 14 दिवसांत करायला सांगितलंय.

माझ्या कपाटात एकदा एक सायकल होती. खटला निकाली निघाला तेव्हा मूळ मालकाचा नातू घ्यायला आला. टायर नव्हते, घंटी मात्र वाजत होती.

---

गोदाकाठची_लेक | 10 सप्टेंबर, सकाळी 10:15

काका, पावतीच नाही! सराफ बाजारातली 1988 ची पोत, दुकानही आता नाही.

---

जुना_नाझर | 10 सप्टेंबर, सकाळी 10:40

लग्नाचा, हळदी-कुंकवाचा, कसलाही फोटो ज्यात पोत स्पष्ट दिसते. शिवाय आईंचं शपथपत्र. पोतीला काही खूण?

---

गोदाकाठची_लेक | 10 सप्टेंबर, सकाळी 10:58

दोन वाट्यांपैकी एकीला चेप आहे. मी लहानपणी दाताने चावले होते म्हणे.

---

जुना_नाझर | 10 सप्टेंबर, सकाळी 11:03

मग काय पाहिजे अजून. शपथपत्रात लिहा, जसंच्या तसं.

---

अ‍ॅडव्होकेट_बिनकोटाचा | 10 सप्टेंबर, दुपारी 4:45

मूळ प्रश्न राहिला, केस कुणाची. गुन्हा हा एका माणसाविरुद्ध नसून सगळ्या समाजाविरुद्ध, म्हणून फिर्याद तुमची असली तरी खटला राज्य चालवतं. त्यात एक शहाणपण आहे. नाहीतर चोराच्या घरच्यांनी रोज दारात येऊन आईंना "मागे घ्या" म्हटलं असतं, आणि आईंनी घेतली असती.

पण फिर्यादी अगदीच उपरी नाही. तपास कुठवर आला ते पोलिसांनी 90 दिवसांत कळवायचं असतं. कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलाला मदत करायला तुम्ही तुमचा वकील देऊ शकता. सरकारने खटला मागे घ्यायचं ठरवलं तर आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. आरोपी सुटला तर 2009 च्या दुरुस्तीपासून पीडितालाही अपिलाचा हक्क आहे. तुमची केस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. ते तीन वर्षांपर्यंत शिक्षा देऊ शकतात. वर सत्र न्यायालय, त्यावर उच्च न्यायालय. नाशिकला मुंबईच जावं लागतं. शेजारच्या नगरचे लोक संभाजीनगर खंडपीठात जातात, आणि गेल्या महिन्यात, 18 ऑगस्टला, कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झालं. आपण आपले कसारा घाट उतरायचा.

---

रोखठोक_सिडको | 10 सप्टेंबर, संध्याकाळी 6:20

मान्य, बरंच माहीत नव्हतं. तरी माझं म्हणणं, साक्षीला बोलावून तारीख पुढे ढकलली की म्हाताऱ्या माणसाने किती खेपा घालायच्या? यावर कुणाकडे कलम आहे का?

---

अ‍ॅडव्होकेट_बिनकोटाचा | 10 सप्टेंबर, संध्याकाळी 7:05

आहे. साक्षीदार हजर असताना खास कारण लिहिल्याशिवाय तारीख देऊ नये, असं कलम आहे. या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे.

---

गोदाकाठची_लेक | 14 नोव्हेंबर 2025, रात्री 9:12

धागा वर काढते. पोत मिळाली! अर्ज, फोटो, शपथपत्र, सगळं काकांनी सांगितलं तसं. चावल्याच्या खुणेचं कारकुनाने दोनदा वाचलं आणि हसला. बंधपत्रावर आईची सही घेतली: विकणार नाही, मोडणार नाही, स्वरूप बदलणार नाही, कोर्ट सांगेल तेव्हा हजर करीन.

आता नवाच प्रश्न. ओढताना मागची कडी तुटलीय. आई रोज डबी उघडून बघते आणि विचारते, सोनाराकडून नुसती कडी जोडून घेतली तर 'स्वरूप बदललं' होईल का? तिला संक्रांतीला घालायची आहे.

---

जुना_नाझर | 15 नोव्हेंबर, सकाळी 6:30

थांबा! सोनाराकडे नेऊ नका. ती तुटलेली कडीच ओढल्याचा पुरावा आहे.

---

अ‍ॅडव्होकेट_बिनकोटाचा | 15 नोव्हेंबर, सकाळी 10:20

काकांशी सहमत. हवीच असेल तर त्याच कोर्टात छोटा अर्ज करा: तुटलेल्या भागाचे जवळून फोटो रेकॉर्डवर घेऊन दुरुस्तीची परवानगी मिळावी. सरकारी वकिलांची हरकत येते का बघू. संक्रांतीपर्यंत हुकूम होईल असं मात्र मी लिहून देणार नाही.

---

गोदाकाठची_लेक | 15 नोव्हेंबर, दुपारी 12:45

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "अर्ज कर. तोवर काळ्या दोऱ्यात ओवून घालते. दोऱ्याला काही कलम नाही ना?"

---

अ‍ॅडव्होकेट_बिनकोटाचा | 15 नोव्हेंबर, दुपारी 1:02

दोऱ्याला नाही. पण घालून सकाळी दुधाला नको, एवढं सांगा.